शाळेतील पंगत : सर्वांसाठी की गरजूंसाठी?

शाळेत शिकणाऱ्या मुलांना सरकारी खर्चाने जेवण देण्याच्या दोन पद्धती जगात रूढ आहेत. एका पद्धतीत कुटुंबाचे उत्पन्न पाहून ठरावीक मुलांनाच मोफत जेवण मिळते. बाकीची मुले पैसे भरतात किंवा घरून डबा आणतात. दुसऱ्या पद्धतीत उत्पन्न विचारलेच जात नाही. जो पटावर आहे आणि त्या दिवशी हजर आहे, त्याचे ताट वाढले जाते. भारताने या दोहोंचा मेळ घातला आहे. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला दुपारच्या जेवणाचा कायदेशीर हक्क आहे. विनाअनुदानित खासगी शाळा आणि नववीपासून पुढचे वर्ग मात्र या हक्काबाहेर आहेत. त्यामुळे वाद दोन्ही बाजूंनी चालतो. आहे ती व्याप्तीही कमी करून पैसा खऱ्या गरजूंवर खर्च करावा, असे एक मत आहे. तर ती एकूण एक विद्यार्थ्यापर्यंत वाढवावी, असे दुसरे. जुन्या शास्त्रार्थाच्या रीतीने पहिल्या मताला येथे पूर्वपक्ष आणि दुसऱ्याला उत्तरपक्ष म्हटले आहे.

योजनेची वाटचाल

मद्रास महापालिकेने १९२० च्या सुमारास, त्यागराय चेट्टी अध्यक्ष असताना, थाउजंड लाइट्स भागातील शाळेत मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली. एका मुलामागे रोज एक आण्याहून अधिक खर्च होऊ नये, अशी मर्यादा होती. १९५६ मध्ये मुख्यमंत्री के. कामराज यांनी ही कल्पना राज्यभर नेली आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिला मोठ्या पोषण आहार योजनेचे रूप दिले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली. सुरुवातीला बहुतेक राज्यांत ती कच्च्या धान्याच्या वाटपापुरतीच राहिली : ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाच्या घरी महिन्याला तीन किलो धान्य जाई आणि ते सगळ्या घरात वाटले जाई.

२८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘पीयूसीएल’ या नागरी हक्क संघटनेच्या अन्नहक्क खटल्यात अंतरिम आदेश दिला. सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला वर्षातून किमान २०० दिवस शिजवलेले जेवण मिळावे आणि त्यात किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे त्यात म्हटले होते. महाराष्ट्रात शालेय पोषण आहार म्हणून नोंदलेली आणि मुलांच्या तोंडी ‘खिचडी’ झालेली योजना त्यानंतर शाळेच्या चुलीवर आली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने या जेवणाला हक्काचा दर्जा दिला. प्राथमिक वर्गासाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि उच्च प्राथमिकसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने हे प्रमाण कायद्यातच नमूद आहे. २०२१ मध्ये योजनेचे नाव ‘पीएम पोषण’ झाले. त्या वेळी सुमारे ११.२० लाख शाळांतील ११.८० कोटी मुले तिच्या कक्षेत होती.

पैसा कोणाच्या ताटात जावा?

पूर्वपक्ष : तिजोरीला तळ असतो. ज्या मुलाच्या घरी दोन वेळचे पोटभर जेवण आहे, त्याच्या ताटावर खर्च झालेला रुपया उपाशी मुलाच्या ताटातून वजा होतो. मे २०२५ पासून प्राथमिक वर्गाच्या एका मुलामागे डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधनासाठी रोज ६ रुपये ७८ पैसे धरले आहेत, तर उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे. एवढ्यात कसदार जेवण होत नाही. ज्यांना गरज नाही अशी मुले वगळली, तर त्याच पैशात उरलेल्यांना दूध, फळ, अंडे देता येईल. मुलांना जेवू घालणे हे आधी आईवडिलांचे काम आहे. ते जेथे अडतात, तेथे सरकारने हात द्यावा.

उत्तरपक्ष : सधन घरातली मुले बहुतांशी आधीच या योजनेबाहेर गेली आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटावर शेतमजुराची, ऊसतोड कामगाराची, अल्पभूधारकाची, हातगाडीवाल्याची मुले असतात. शाळेचा प्रकार हीच चाळणी झाली आहे. तिच्यावर दुसरी चाळणी धरून हाती फारसे काही लागणार नाही. सहा रुपये ७८ पैसे म्हणजे २०० दिवसांचे १,३५६ रुपये. तांदूळ केंद्राकडून येतो आणि स्वयंपाकिणीचे मानधन वेगळे असते. पटावरची थोडीशी सुस्थितीतली मुले वगळून वाचणाऱ्या पैशात बाकीच्यांचे ताट भरणार नाही. ताट अपुरे असेल, तर दर वाढवावा.

पूर्वपक्ष : पटावरची सगळीच मुले गरीब असतील, तर यादी करायला हरकत कसली? ती जवळजवळ सगळ्यांचीच होईल.

उत्तरपक्ष : हरकत यादीबाहेर राहणाऱ्या मुलासाठी आहे. शिक्षक, फळा, पाठ्यपुस्तके यांचा खर्च सरकार करते, तेव्हा कोणाचे उत्पन्न विचारत नाही. पाच-सहा तासांच्या शाळेत दुपारचे जेवणही त्याच मालिकेत येते. आई पहाटेच रानात किंवा कामाच्या ठिकाणी गेलेली असेल, तर घरी धान्य असूनही मुलाच्या पोटात काही नसते. कुटुंबाची गरिबी आणि मुलाची दुपारची भूक या दोन गोष्टी दरवेळी एकाच घरात सापडतील असे नाही.

गरजू ओळखायचा कसा?

निवडक पद्धतीची सारी भिस्त गरजू मूल ओळखण्यावर असते. ही ओळख चुकली, तर एकतर नको त्याला मिळते किंवा हवे त्याला मिळत नाही.

पूर्वपक्ष : ओळखीची साधने आता पुष्कळ सुधारली आहेत. शिधापत्रिका संगणकावर आहेत, बँक खाती आधारशी जोडलेली आहेत. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला चालतो. मग जेवणासाठी का चालू नये?

उत्तरपक्ष : १९९७ मध्ये रेशनव्यवस्था दारिद्र्यरेषेवर बेतली गेली, तेव्हाचा अनुभव समोर आहे. २००४-०५ च्या सुमाराच्या राष्ट्रीय सर्वेक्षणांत ग्रामीण भागातील सुमारे निम्म्या गरीब कुटुंबांकडे दारिद्र्यरेषेखालचे कार्डच नव्हते. महाराष्ट्रात १९९९ मध्ये तिरंगी शिधापत्रिका आल्या. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळी, एक लाखापर्यंत केशरी आणि त्यापुढे पांढरी. पण ऊसतोडीला गेलेल्या घराचे, पाऊस दगा देतो त्या वर्षी कोरडवाहू शेतकऱ्याचे किंवा घरातला कमावता माणूस आजारी पडल्यावरचे उत्पन्न कार्डाच्या रंगात दिसत नाही. कागद मागे राहतो आणि भूक पुढे जाते.

पूर्वपक्ष : चुका दोन्ही पद्धतींत होतात. सर्वांना देण्यातही नको त्याला देण्याची चूक आहेच.

उत्तरपक्ष : आहे, पण दोन्ही चुकांचे वजन सारखे नाही. सुस्थितीतल्या मुलाने खिचडी खाल्ली, तर काही रुपये जातात. उपाशी मूल वगळले गेले, तर त्याची दुपार जाते, पुढे शाळाही सुटू शकते. इंग्लंडमध्ये २०१८ नंतर अनेक कुटुंबांसाठी करोत्तर वार्षिक कमाईची मर्यादा ७,४०० पौंड होती. तिच्याहून थोडी जास्त कमाई झाली, की नव्याने अर्ज करणाऱ्या कुटुंबाला मोफत जेवण मिळत नसे. गरिबी उताराने वाढते आणि कमी होते. यादी मात्र तिला कड्यासारखी तोडते.

आंध्र प्रदेशातील एका अभ्यासाचा दाखला या ठिकाणी उपयोगी पडतो. अभिजीत सिंग, अल्बर्ट पार्क आणि स्टीफन डेरकॉन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात, दुष्काळाने लहान मुलांच्या पोषणाला बसलेला फटका शाळेतील जेवणाने भरून निघाल्याचे दिसले. दुष्काळ येण्याआधी नव्या यादीची वाट पाहत नाही. शाळेची चूल पेटलेली असेल, तर ती त्याच दिवशी उपयोगी पडते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण चालू ठेवण्यास सांगितले, त्यामागे हाच विचार होता.

पंक्तिप्रपंच

एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना भेद करणे याला मराठीत पंक्तिप्रपंच म्हणतात. शाळेतील जेवणाच्या वादात हा शब्द शब्दशः लागू होतो.

पूर्वपक्ष : लाज वाटू नये म्हणून सर्वांना देणे, हा फार खर्चिक उपाय आहे. इंग्लंड-अमेरिकेत एकेकाळी मोफत जेवणाऱ्यांना वेगळी तिकिटे दिली जात. आज एकाच प्रकारच्या कार्डावर सगळे व्यवहार होतात आणि कोणाचे पैसे कोण भरतो हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

उत्तरपक्ष : तेथे उपाहारगृह असते, कार्ड वाचणारे यंत्र असते. येथे शाळेच्या व्हरांड्यात एक पातेले असते आणि मुले पट्ट्या टाकून ओळीने बसतात. त्या ओळीतून चार मुलांना उठवायचे ठरले, तर कोणते यंत्र ते झाकणार? शिवाय या देशात अन्नाला जातीचा इतिहास चिकटलेला आहे. साताऱ्याच्या शाळेत शिकताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे. शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सर्व मुलांनी एकत्र बसून एकाच हाताचे अन्न खाणे हा त्या इतिहासाला शाळेने रोज दिलेला जबाब आहे. २००४ च्या आदेशात स्वयंपाकाच्या कामासाठी दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावे, असे न्यायालयाने म्हटले, ते याचसाठी.

पूर्वपक्ष : दलित स्वयंपाकिणीच्या हातचे जेवण नाकारल्याच्या घटना अनेक राज्यांत घडल्या आहेत. पंगत मांडल्याने जात जात नाही.

उत्तरपक्ष : खरे आहे. पण पंगत असते म्हणून तो नकार उघड्यावर येतो आणि त्याला कायद्याने उत्तर देता येते. ज्याच्या त्याच्या डब्यात तो दडून राहिला असता.

सोल शहराचा कौल

दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे हा वाद थेट मतपेटीपर्यंत गेला. तेथील नगर परिषदेला सर्व प्राथमिक आणि पुढे माध्यमिक विद्यार्थ्यांना मोफत जेवण हवे होते. महापौर ओ से-हून यांना ते उत्पन्नाच्या खालच्या निम्म्या गटापुरते ठेवायचे होते. २४ ऑगस्ट २०११ रोजी सार्वमत झाले. कौल वैध ठरण्यासाठी एकतृतीयांश मतदान आवश्यक होते. प्रत्यक्षात ते २५.७ टक्के झाले. मतपेट्या न उघडताच प्रश्न संपला आणि महापौरांनी राजीनामा दिला. पुढे तेथील मोफत जेवण उच्च माध्यमिक वर्गांपर्यंत पोचले.

पूर्वपक्ष : कोरियासारख्या श्रीमंत देशाला जे परवडते ते भारताला परवडेलच असे नाही. लोक मतदानाला गेले नाहीत, यावरून तत्त्व सिद्ध होत नाही.

उत्तरपक्ष : तत्त्व सिद्ध होत नाही, हे मान्य. पण श्रीमंती आल्यावरच सर्वांना देतात, हेही खरे नाही. फिनलंडने सर्व विद्यार्थ्यांना मोफत जेवण देण्याचा कायदा १९४३ मध्ये, ऐन युद्धात केला आणि १९४८ पासून तो पूर्णपणे लागू झाला. तो देश तेव्हा सुबत्तेत नव्हता.

येथे एका मधल्या वाटेचाही विचार करावा लागतो. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने अशी सोय केली की, एखाद्या शाळेत सरकारी मदतीवर असलेल्या मुलांचे प्रमाण ठरावीक मर्यादेपुढे असेल, तर त्या शाळेला कोणाकडूनही अर्ज न मागता सर्वांना मोफत जेवण देता येते. सुरुवातीला ही मर्यादा ४० टक्के होती. २०२३ मध्ये ती २५ टक्क्यांवर आणली गेली. मूल निवडण्याऐवजी शाळा निवडण्याची ही रीत दोन्ही पक्षांना जवळ आणते. पूर्वपक्षाला हवी असलेली काटकसर तिच्यात आहे आणि उत्तरपक्षाला नको असलेला पंक्तिप्रपंच तिच्यात नाही. सरकारी व अनुदानित शाळांपुरती भारताची सध्याची व्यवस्था जवळपास हीच आहे.

दर्जा आणि सुरक्षितता

पूर्वपक्ष : व्याप्तीच्या हौसेपायी ताटाकडे दुर्लक्ष होते. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्यांना केळे, देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी बंद झाला आणि शाळांनी लोकसहभागातून सोय करावी असे सांगितले गेले. ज्या गावाला अंड्याची सर्वांत जास्त गरज, त्याच गावात वर्गणी सर्वांत कमी जमते. स्वयंपाकिणीला केंद्राच्या निकषानुसार महिन्याला १,००० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. हा आकडा २००९ पासून तसाच आहे. मुख्याध्यापकाचा वेळ तांदळाची पोती मोजण्यात, चव नोंदवहीत आणि रोजची ताटसंख्या कळवण्यात जातो.

उत्तरपक्ष : यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे आणि प्रत्येक मुद्दा निधी वाढवण्याच्या बाजूचा आहे. तमिळनाडूत मुलांना शाळेच्या पाचही दिवशी अंडे मिळते आणि तेथे योजना सर्वांसाठीच आहे. सप्टेंबर २०२२ पासून त्या राज्याने प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू केली. महाराष्ट्रासह काही राज्ये स्वयंपाकिणींच्या मानधनात स्वतःची भर घालतात. व्याप्ती आणि दर्जा एकमेकांचे वैरी असते, तर हे घडले नसते. उलट जी सेवा फक्त गरिबांची असते, तिच्याकडे बघायला कोणी येत नाही. सरपंचाचे आणि शिक्षकाचे मूल त्याच पंगतीत बसले, की डाळ पातळ झाल्याची तक्रार लवकर वर पोचते.

पूर्वपक्ष : तक्रार पोचायला वेळ मिळाला तर. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेतील जेवणातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेले होते. देखरेख झेपत नसताना ताटांची संख्या वाढवणे धोक्याचे आहे.

या मुद्द्यावर उत्तरपक्षाला प्रतिवाद करण्याचे कारण नाही. मुलांना देण्याआधी मोठ्या माणसांनी जेवण चाखून पाहावे हा नियम, साठवणीची बंदिस्त खोली, तेल-डाळीची तपासणी, स्वयंपाकिणींचे प्रशिक्षण आणि शाळा व्यवस्थापन समितीची हजेरी यांत कसूर झाली, तर हक्क हा शब्दच पोकळ होतो. नवे वर्ग जोडण्याआधी स्वयंपाकघर उभे करावे, हा क्रम दोन्ही पक्षांना मान्य व्हावा असा आहे.

आठवीच्या पुढे

पूर्वपक्ष : मोफत शिक्षणाचा हक्क आठवीपर्यंत, म्हणून जेवणही आठवीपर्यंत. कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

उत्तरपक्ष : शरीर ती रेघ मानत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि मुलांपैकी ३१.१ टक्के रक्तक्षयी आढळले. वाढीचा वेग आणि गरज जास्त, त्याच वयात ताट बंद होते. कर्नाटकाने आणि तमिळनाडूने दहावीपर्यंतच्या मुलांना राज्याच्या खर्चाने जेवण देऊन दाखवले आहे. लाभ पुढच्या पिढीपर्यंत जातो, याचाही पुरावा आहे. सुमन चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांच्या २०२१ मधील अभ्यासात, लहानपणी शाळेत जेवण मिळालेल्या स्त्रियांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने अधिक चांगली आढळली.

पूर्वपक्ष : त्यातून जेवणाचा लाभ सिद्ध होतो, सर्वांना देण्याचा नव्हे.

उत्तरपक्ष : पुढे आई होणारी कोणती मुलगी कमी वाढीची राहील, हे शाळेच्या वयात कोणत्याही दाखल्यावर लिहिलेले नसते. म्हणून पातेले सर्वांसाठी ठेवावे लागते.

जेथे दोन्ही तत्त्वे आमनेसामने येतात

एक प्रश्न सर्वांत अवघड आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव आहेत. अन्नसुरक्षा कायद्यातील शाळेच्या जेवणाची तरतूद मात्र या शाळांना लागू नाही. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून अशा शाळेत प्रवेश मिळालेले मूल त्या दिवसापासून दुपारच्या ताटाला मुकते. फक्त या मुलांना वाढावे, तर पंक्तिप्रपंच होतो. सगळ्या शाळेला सरकारने वाढावे, तर सधन कुटुंबांच्या ताटावर सार्वजनिक पैसा जातो.

पूर्वपक्ष : येथे तरी निवड करावीच लागेल. भरमसाट शुल्क भरणाऱ्यांच्या जेवणाचा बोजा करदात्यावर टाकता येणार नाही.

उत्तरपक्ष : पैशाची निवड करावी, पंगतीची करू नये. अशा शाळेत जेवण सर्वांसाठी एकत्र शिजावे. शुल्क भरणाऱ्यांचा वाटा पालकांनी शुल्कातून द्यावा आणि २५ टक्के मुलांचा सरकारने द्यावा, जशी त्यांच्या शिक्षणखर्चाची प्रतिपूर्ती होते. मुलासमोर ताट एकच असेल. पावती कोणाच्या नावाची, हे कार्यालयात राहील.

पूर्वपक्ष : प्रतिपूर्तीची थकबाकी वर्षानुवर्षे राहते, अशी शाळांची तक्रार आहे. पैसे वेळेवर आले नाहीत, तर पहिले ताट याच मुलांचे बंद होईल.

या शंकेवर उपाय हाताशी आहे : जेवणाचा पैसा प्रतिपूर्तीने न देता, सरकारी शाळांप्रमाणे धान्य आणि खर्च आगाऊ द्यावा. एवढे मान्य झाले, की दोन पक्षांतले अंतर पुष्कळ कमी होते. कोणत्या शाळांचा खर्च सरकारने उचलावा, याचा हिशेब पूर्वपक्षाच्या काटेकोरपणाने व्हावा. पण शाळा एकदा ठरली, की तिच्या आत मुलामुलांत निवड करण्याला आधार उरत नाही. यादी चुकते, उत्पन्न बदलते आणि व्हरांड्यातल्या पंगतीत कोणाचीही गरिबी झाकता येत नाही. खर्चाचा क्रमही या चर्चेतून आपोआप लागतो : आधी आहे त्या पातेल्यात पुरेशी डाळ, अंडे आणि स्वयंपाकिणीला रास्त मोबदला, मग नववी-दहावीचे वर्ग, आणि त्यानंतर खासगी शाळांतील २५ टक्के मुलांचे सुटलेले ताट.